थिजलेलं खोबरेल

मास्तरांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, तेही पहिल्याच दिवशी. मी नऊ वर्षांचा होतो. त्यांनी पेटीतून व्हायोलिनचा बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज, काढून माझ्या हातात दिला आणि कुठल्याही पोराने केलं असतं तेच मी केलं. त्या पांढऱ्या, ताणून बसवलेल्या केसांवरून बोट फिरवलं. फाडकन मनगटावर बसली.

"केसांना हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "घोड्याच्या शेपटीचे केस आहेत हे. आपल्या कातडीला तेल असतं. तेल लागलं की केस तारेला धरत न्हाईत, नुसते घसरत्यात. बो मुका होतो. मतलब, गेला कामातनं."

मग त्यांनी मला राळेची वडी दाखवली, ती केसांवर कशी घासायची ते दाखवलं आणि आत हाक मारून काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितलं, की पोराला हात धुवायला साबण दे. व्हायोलिनबद्दलची ही माझी पहिली अक्कल. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते नकळत केलं असं कुणाला वाटू नये.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील फौजेत होते. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथेच खातीपुऱ्यात दोन खोल्या बांधल्या. गावाकडचे लोक विचारत, तिकडे वाळूत काय ठेवलंय? वडील म्हणत, पेन्शन आणि स्टेशन दोन्ही जवळ आहे, अजून काय पाहिजे. मी शाळेत हिंदी बोलायचो, घरी मराठी, आणि दोन्हीकडे चुकायचो. आईने मला मराठी वाचायला लावलं ते अक्षरशः पाठीत धपाटे घालून. म्हणून आज हे लिहू शकतोय.

मास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहत. तेही आमच्याच बाजूचे. तीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये काढलेली. परेडला क्लॅरिनेट वाजवायचं आणि अफसर मेसमध्ये मोठं जेवण असलं की व्हायोलिन. अशा जेवणांना बँडवाले व्हरांड्यात बसत. आत काटेचमचे चालायचे, बाहेर हे वाजवायचे. जेवण संपलं की एखादा साहेब बाहेर येऊन 'शाबाश' म्हणायचा. कधी कधी तेही राहून जायचं.

"तीस वर्षं मी लोकांच्या चावण्यावर वाजवलं," मास्तर हसत सांगायचे. मग हसू थांबायचं. "एकदा हॉलमधी वाजवायचंय. लोक समोर बसलेत, गप आहेत, खात न्हाईत. एकदा. बस्स."

हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की काकू आतून त्यांच्याबरोबरच 'बस्स' म्हणायच्या.

काकूंबद्दल सांगायला हवं. त्यांची मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली होती आणि घरात माणसं दोन, पण त्या भाकरी मात्र पाच माणसांच्या करायच्या. बाजरी इथे चांगली मिळते, एवढंच जयपूरबद्दल त्यांचं बरं मत होतं. शिकवणी संपली की त्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "जेवून जा." हा प्रश्न नसायचा, हुकूम असायचा. मास्तर रागावले असले, मी दिवसभर बेसूर वाजवलं असलं, तरी 'जेवून जा' चुकायचं नाही. नऊ वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंत मी त्या घरी किती भाकरी खाल्ल्या असतील, ते माझ्या आईने एकदा विचारलं होतं, आणि मग स्वतःच म्हणाली होती, जाऊ दे.

रविवारी मात्र शिकवणी उशिरा सुरू व्हायची. रविवारी सकाळी काकू मास्तरांच्या डोक्याला तेल लावायच्या. इथे सगळीकडे मोहरीचं तेल. काकूंना त्याचा वास सहन व्हायचा नाही. खोबरेल गावाकडून यायचं किंवा कुणी तरी आणून द्यायचं. मास्तर अंगणात पाटावर बसायचे, डोळे मिटलेले, आणि काकू मागे उभ्या राहून चांगलं अर्धा तास चोळायच्या. चोळता चोळता अख्ख्या गल्लीचा समाचार घ्यायच्या. ते झालं की मास्तर उठून हात धुवायचे, एकदा नाही, तीनदा, साबणाने, कोपरापर्यंत. मग नखं बघायचे. मग पेटी उघडायचे. काकू म्हणायच्या, "त्या लाकडाला शिवायला एवढं सोवळं, आणि मला शिवायला न्हाई!" मास्तर लाजायचे.

अठराव्या वर्षी मी पुण्याला गेलो. पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन रीतसर शिकलो, परीक्षा दिल्या, ऑर्केस्ट्रात बसलो. मुलाखती घेणारे लोक आता मला विचारतात, की एवढा चांगला वादक असताना तुम्ही व्हायोलिन खाली ठेवून ऑर्केस्ट्राच्या संचालनाकडे का वळलात? मी त्यांना सांगतो, की मला संगीत समग्र दिसायला लागलं. समग्र! डोंबल. खरं असं आहे, की मी मध्यम वादक होतो. पुण्यात बारा वर्षं दुसऱ्या, म्हणजे साथ करणाऱ्या, व्हायोलिनांच्या मागच्या रांगेत बसलो आणि त्या रांगेतून पुढे सरकायची काही चिन्हं नव्हती. शेवटी जयपूरला परत आलो आणि सीतापुऱ्याच्या पुढे एका खासगी शाळेत संगीतशिक्षक झालो.

तिथे मी ऑर्केस्ट्रा उभा केला. याबद्दल मात्र मी खोटी नम्रता दाखवणार नाही. उभा मीच केला. शाळेतली मोठी मुलं, कंपन्यांत काम करणारी चार-पाच तरुण मंडळी, चर्चमध्ये वाजवणारे दोन बंधू, निवृत्त बँडवाले. पहिल्या कार्यक्रमाला एक पाहुणे संचालक यायचे होते, ते आले नाहीत. मी संचालकाची काठी हातात घेतली. तीस माणसं माझ्या मनगटाकडे बघत होती, मी ते उचललं आणि तीसजणांनी एकदम श्वास घेतला. ते गोड लागलं, दुसरा शब्द नाही. त्यानंतर मी व्हायोलिन कार्यक्रमात कधीच वाजवलं नाही.

काकू त्या कार्यक्रमाला आल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "आरं, सगळी एवढी राबत्यात आन् तू नुसता हात हालवतूस व्हय?" मास्तर त्यांना म्हणाले, "तो हात हालवतो म्हणून सगळी एकदम राबत्यात." आणि मग माझ्याकडे वळून, जरा खाली बघत, म्हणाले, "एखादी खुर्ची हाय का रे मागं?"

मी हो म्हणालो. तोंड भरून हो म्हणालो. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.

मास्तरांना घेण्यात माझा स्वार्थ नव्हता असं म्हणायला मला आवडलं असतं. पण गुरू मागच्या खुर्चीत आणि शिष्य समोर उभा, हे चित्र लोकांना किती आवडेल ते मला त्याच क्षणी दिसलं. स्थानिक वर्तमानपत्राने फोटो छापला. मी तो कापून ठेवला. कार्यक्रमपत्रिकेत मी स्वतः एक ओळ घातली, की संचालकांचे प्रथम गुरूही आज वादकांत बसले आहेत. मास्तरांनी ती पत्रिका घडी घालून व्हायोलिनच्या पेटीत ठेवली.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्यांचा उजवा हात कापायला लागला.

तालमीला ते बसने यायचे, पुढे पुढे त्यांच्या शेजारी बसणारी मुलगी त्यांना स्कूटरवर आणायला लागली. ती पुण्याची होती, सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत कामाला. नोटेशनच्या एका स्टँडवर बघून दोघं वाजवतात. मास्तर आणि ती शेवटच्या स्टँडवर. जोरात वाजवायचं असलं की काही कळायचं नाही. पण सगळी व्हायोलिनं हळू वाजायला लागली, की मागून एक आवाज यायचा, उकळत्या पाण्यावर झाकण थरथरतं तसा. सगळ्यांना ऐकू यायचा. सगळी मुलं शहाण्यासारखी समोर बघायची.

मी एकदा तालमीनंतर धीर करून म्हणालो, "मास्तर, त्या सावकाश भागात तुम्ही जरा थांबलात तरी चालेल. हाताला विश्रांती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी थांबलो तर माझा बो खाली दिसंल. बाकी सगळ्यांचे वर. लाइन मोडंल की."

फौजेच्या बँडची शिस्त होती ती. सगळे बो एकदम वर, एकदम खाली.  खरं तर मी दुसरं वाक्य तयार ठेवलं होतं, की मास्तर, आता पुरे, आता समोर बसून ऐका. ते सरळ बोललो असतो तर त्यांना वाईट वाटलं असतं, कदाचित काकूंनी मला चार शब्द सुनावले असते, आणि प्रकरण तिथे मिटलं असतं. पण मला दोन्ही हवं होतं. गुरू खुर्चीत दिसायला हवे होते आणि ऐकू यायला नको होते.

चार हिवाळ्यांपूर्वी जानेवारीत, एका रविवारी सकाळी आमचा मोठा कार्यक्रम होता. खऱ्या सभागृहात, शाळेच्या हॉलमध्ये नव्हे. पाच-सहाशे लोक. दिल्लीहून एक बाई येणार होत्या, मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नवीन संचालक शोधत होत्या, आणि त्या मला ऐकायला येणार होत्या. मला आठवडाभर झोप नव्हती. मास्तरांनाही नव्हती, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांनी बँडमधल्या जुन्या दोस्तांना निरोप दिले होते, शिलाईवाल्याकडून कोट मापात करून घेतला होता. साताऱ्याहून लेक येणार होती, तिला ऐन वेळी जमलं नाही. काकू नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

सुरुवातीला दीपप्रज्वलन, मग सत्कार. मी मास्तरांना शाल आणि श्रीफळ दिलं, वाकून पाया पडलो. टाळ्या झाल्या. मला आठवतंय, वाकलेला असताना मी विचार करत होतो, की दिल्लीच्या बाईंना इथून नीट दिसतंय ना.

पहिल्या भागात ते झाकण दोनदा थरथरलं. दुसऱ्यांदा बाईंनी मान उंच करून वादकांच्या मागच्या रांगेकडे बघितलं. मी पाठमोरा होतो, मला कसं दिसलं म्हणाल? एक तुकडा संपला होता, मी अभिवादनाला वळलो होतो, आणि टाळ्या वाजवता वाजवता त्या बघत होत्या, कुठून आला तो आवाज. मध्यंतरानंतर सगळा सावकाश भाग होता. नुसती व्हायोलिनं आणि चेलो, अगदी हळू, दहा मिनिटं.

मध्यंतरात सगळे बाहेर हिरवळीवर गेले, उन्हात चहा प्यायला. जयपूरच्या जानेवारीत ऊन सोडून आत कोण थांबणार? वाद्यं ग्रीन रूममध्ये टेबलांवर होती. मी आत एकटा होतो. माझ्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली होती. थंडीत माझी बोटं फुटतात म्हणून आई ती सक्तीने देते. तेल थिजलेलं होतं, पांढरंशुभ्र. मी झाकण उघडलं, बोटाने एक गोळा काढला, मास्तरांचा बो उचलला आणि केसांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासला, राळेची वडी घासतात तसा. दोनदा. मास्तरांनी मला शिकवलं होतं अगदी तस्सा, सारखा दाब देऊन, मध्ये न थांबता. मग बो होता तसा ठेवला आणि बेसिनवर हात धुतले. साबणाने. तीनदा धुतले.

हे करायला एक मिनिटही लागलं नाही. मी घाबरलेला नव्हतो, हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. मी कामात होतो.

वादक परत येऊन बसले आणि सूर मिळवायला लागले. मी विंगेत उभा होतो. त्या गोंधळात कुणाला काही कळलं नाही, पण मला मास्तर दिसत होते. त्यांनी बो तारेवर ओढला. थांबले. पुन्हा ओढला, कान जवळ नेला. मग बो उलटा करून उजेडात धरला आणि केस बघितले. राळेची पूड असते तिथे ते चमकत होते. मग त्यांनी बो नाकाशी नेला.

मोहरीच्या तेलाच्या गावात, त्या तीसजणांत, खोबरेल वापरणारी घरं आमची दोनच. त्यांनी मान वर केली आणि सरळ विंगेत माझ्याकडे बघितलं.

त्यांना उठून जाता आलं असतं. शेजारच्या मुलीला सांगून दुसरा बो मागता आला असता, एक जादा होता, सगळ्यांना माहीत होतं. मी मंचावर गेलो, काठी उचलली. मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि बो वर उचलला, बाकी सगळ्यांच्या बरोबर.

दहा मिनिटं त्यांनी तो मुका बो चालवला. एकदाही चुकले नाहीत. सगळे वर तेव्हा वर, सगळे खाली तेव्हा खाली. डाव्या हाताची बोटं योग्य जागी पडत होती, पान उलटायला ती मुलगी वाकली तेव्हा त्या स्टँडवर ते एकटे वाजवत राहिले, आणि काही ऐकू आलं नाही. सभागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. लोक समोर बसले होते, गप होते, खात नव्हते. मास्तर पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होते, कारण वादकाने संचालकाकडे बघायचं असतं. मला त्यांच्याकडे बघायचं टाळता येत नव्हतं, कारण संचालकाला दुसरीकडे बघता येत नाही. आवाज इतका स्वच्छ होता, की मला आनंद झाला. लिहायलाही लाज वाटते, पण झाला.

कार्यक्रमानंतर ग्रीन रूममध्ये गर्दी झाली. दिल्लीच्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणत होत्या, की तुमच्या व्हायोलिनांचा दुसऱ्या भागातला सूर म्हणजे एका माणसाने वाजवल्यासारखा. त्याच वेळी, माझ्यापासून चार हातांवर, काकू मास्तरांजवळ आल्या. त्यांचा चेहरा फुललेला होता.

"समदी वाजवत हुती, पर तुमचं वायलीन म्या बराबर वळखलं बगा."

मास्तर म्हणाले, "व्हय?"

आणि ती शेजारची मुलगी, जिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, काळजीने म्हणाली, "मास्तर, तुमच्या बोचं काय झालं? शेवटच्या भागात आवाजच येत नव्हता. केसांवर काहीतरी लागलंय, बघा ना, तेलकट."

सगळे वळले. मीही वळलो. मला वाटलं, आता.

"अगं, तेल हाय," मास्तर म्हणाले. "आज रविवार ना. सकाळी हिनं डोक्याला तेल लावलं. मध्यंतरात डोक्यावरनं फिरला असंल हात, धुवायचे राहिले वाटतं. म्हातारपण, दुसरं काय."

मुलगी हसली, म्हणाली, मास्तर, तुम्ही आणि हात धुवायचे विसरलात? कुणीतरी म्हणालं, होतं असं. काकू हसल्या नाहीत. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. मला फोटोसाठी बोलावलं गेलं आणि मी गेलो.

ती जागा मला मिळाली. दिल्लीत दोन वर्षं, मग इकडे तिकडे पाहुणा संचालक, एक हंगाम परदेशात. मग जयपूरला परत आलो आणि शास्त्री नगरात घर घेऊन राहिलो. खातीपुऱ्याला आईकडे जायचो ते स्टेशनच्या बाजूने वळसा घालून, मास्तरांच्या गल्लीत पाऊल न टाकता. आई विचारायची, "मास्तरांकडे जाऊन आलास का?" मी म्हणायचो, हो, म्हणजे जातोच आहे. एकाच शहरात राहूनही माणूस वर्षभर एक गल्ली चुकवू शकतो. मी मनाची समजूतही घातली होती, की त्यांनीच प्रकरण झाकलं, म्हणजे त्यांनीच माफ केलं. नुकसान फक्त त्यांचं झालं होतं आणि त्यांनी ते गिळलं होतं. आता उगाच उकरायचं कशाला?

या जानेवारीत आईचा फोन आला. "मास्तर त्यांचं व्हायोलिन तुला द्यायचं म्हणतायत. हात आता चालत नाही त्यांचा. येऊन घेऊन जा, आणि या वेळी वळसा घालू नकोस." म्हणजे वळशाचं तिला माहीत होतं.

गेलो. मास्तर अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. केस कोरडे, पांढरे, भुरभुर उडणारे. मांडीवर उजवा हात कापत होता, त्यावर डावा ठेवलेला. काकूंनी बघितलं आणि आनंदाने ओरडल्या, "आला गं बया! किती दिसानं! मोठा मानूस झाला म्हणून वळख इसरलास व्हय?" आत जाऊन त्यांनी पेटी आणली आणि खाटेवर ठेवली.

"उघड," मास्तर म्हणाले.

उघडली. व्हायोलिनवर धूळ नव्हती. घडी घातलेली कार्यक्रमपत्रिका तशीच होती. आणि झाकणात खोचलेला बो होता, केस पिवळे पडलेले, एकमेकांना चिकटलेले. खवट खोबरेलाचा वास आला. केस बदलून घेणं म्हणजे एका दिवसाचं काम. त्यांनी बदलले नव्हते.

"त्या दिसापासनं पेटी उघडली न्हाई बग," काकू म्हणाल्या. त्या खाटेच्या कडेला टेकल्या होत्या आणि आवाज खाली आला होता. "उभ्या जल्मात एकदा हालमधी वाजवायचं हुतं. आन् माझ्या हातानं वाया गेलं. चांगल्या दिवशी कशाला तेल लावायला बसले मी, कुणास ठाऊक. हे म्हणत्यात, जाऊ दे. कसं जाऊ दे? तवापासनं यांच्या डोक्याला हात लावला न्हाई म्या. तेलाची बाटली बघितली तरी कसंतरी हुतं."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको, असं.

चार वर्षं मी धरून चाललो होतो, की ते खोटं त्यांनी एकट्याने उचललं. ते काकूंनी उचललं होतं. दर रविवारी. मी पटकन बोलून टाकलं, कारण एक श्वास थांबलो असतो तर कधीच बोललो नसतो.

"काकू, तेल मी लावलं होतं. मध्यंतरात. मुद्दाम. त्यांचा आवाज येऊ नये म्हणून."

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, बाटलीसकट. मग त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या मास्तरांकडे वळल्या.

"तुमास्नी ठावं हुतं?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मग मला का न्हाई सांगितलं? चार वरसं?"

 मास्तरांनी कापणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. "तू त्याला पुन्हा जेवायला घातलं नसतंस," ते म्हणाले.

काकू उठल्या. त्यांनी पेटी बंद केली, दोन्ही खटके नीट लावले, आणि ती उचलून आत नेली. कपाटावर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. परत आल्या तेव्हा हातात खोबरेलाची बाटली होती, थिजलेली, न उघडलेली. त्यांनी झाकण फिरवलं, बोटाने गोळा काढला आणि दोन तळव्यांत धरून बसल्या, तो विरघळेपर्यंत. मग मास्तरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मास्तरांनी डोळे मिटले.

मी उभा होतो. हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. आत तव्यावर भाकरी टाकलेली होती, करपल्याचा वास यायला लागला होता, पण काकू हलल्या नाहीत. गल्लीचा समाचारही घेतला नाही. नुसत्या चोळत राहिल्या.

मी थोडा वेळ थांबलो. जेवून जा, असं कुणी म्हणालं नाही. मग चपला घातल्या आणि निघालो.